थरथर कुठून येते?

कोकण किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. नौका ओढून वर काढल्या जातात, शाकारल्या जातात, आणि याच दोन महिन्यांत इंजिन-शाफ्टची कामे उरकली जातात. मग ऑगस्टच्या पहिल्या फेऱ्यांत काही नौका थरथरू लागतात. तांडेलाचा पहिला संशय पंख्यावर जातो. (प्रोपेलरला बंदरावर पंखाच म्हणतात, मीही तेच म्हणेन.) पंखा बदलायचा म्हणजे हंगामाच्या तोंडावर मोठा खर्च, आणि पुष्कळदा खर्च होऊनही थरथर जागच्या जागी. मिरकरवाडा आणि हर्णै येथे ही कामे पाहून माझे मत असे झाले आहे, की आपल्याकडे दुरुस्ती चांगली होते, निदान मात्र घाईत होते.

निदानाला हत्यार लागत नाही. नौका धक्क्याला बांधून गिअर न टाकता इंजिनाचे फेरे वाढवावेत. तेव्हाही थरथर असेल तर दोष इंजिनात किंवा त्याच्या बैठकीत आहे. शाफ्टच्या वाटेला जाऊच नये. गिअर टाकल्यावरच सुरू होत असेल तर दोष कपलिंगपासून पंख्यापर्यंत कुठेतरी आहे. पंख्यात जाळ्याचा तुकडा वा दोर गुंतला आहे का, हे आधी बघावे, कारण त्याला पैसे पडत नाहीत.

यापुढे गणित उपयोगी पडते. इंजिन मिनिटाला १८०० फेरे घेते आणि गिअर तीनास एक आहे असे धरू. शाफ्ट मिनिटाला ६००, म्हणजे सेकंदाला १० फेरे घेईल. थरथर सेकंदाला १० वेळा असेल तर शाफ्ट वाकला आहे, कपलिंग बिघडले आहे किंवा पंख्याचा तोल गेला आहे. पाती तीन असतील आणि थरथर ३० वेळा असेल, तर पात्यांना पाणी एकसारखे मिळत नाही, किंवा पात्याचे टोक तळाच्या फार जवळून जाते. हाताला १० आणि ३० यांतला फरक नेमका मोजता येत नाही, पण आजकालच्या मोबाइलमधला कंपमापक तो दाखवतो.

माझा स्वतःचा संशय बहुधा कपलिंगवर असतो. गिअरची आणि शाफ्टची तबकडी समोरासमोर अगदी समांतर हव्यात. बोल्ट काढून, लोंबणाऱ्या शाफ्टला टेकू देऊन, वर-खाली-डावी-उजवीकडे फिलर गेजने फट मोजतात. १०० मिलिमीटर व्यासाच्या तबकडीला ०.१ मिलिमीटरचा फरक चालतो. वहीचा एक कागद साधारण तेवढाच जाड असतो. फरक जास्त निघाला तर शाफ्ट अर्धा फेरा फिरवून पुन्हा मोजावे. मोठी फट तबकडीबरोबर फिरली तर तबकडी किंवा शाफ्ट वाकडा आहे. ती जागेवरच राहिली तर इंजिन शाफ्टच्या रेषेत बसलेले नाही.

आणि इथेच पावसाळ्यातल्या कामाची गोम आहे. जमिनीवर नौका काही ठोकळ्यांवर टेकलेली असते, पाण्यात तिला सगळीकडून आधार मिळतो. लाकडी नौका तर वाळते आणि पाण्यात गेल्यावर पुन्हा फुगते. किनाऱ्यावर काटेकोर जुळवलेली रेषा तरंगताना बदलते. म्हणून शेवटची मोजणी नौका पाण्यात उतरवून एक-दोन दिवसांनी, डिझेल आणि बर्फ भरून करायला हवी. बोल्ट आवळतानाही इंजिन किंचित सरकते, तेव्हा आवळल्यावर परत मोजायचे. हे काम कंटाळवाणे असते, आणि नारळी पौर्णिमेच्या आसपास कंटाळवाण्या कामाला कोणाकडे वेळ नसतो.

रेषा न सुधारता नुसता रबरी बुश बदलणे हा सर्वांत फसवा उपाय. नव्या बुशाने आठवडाभर बरे वाटते. मग वाकडा ताण तोही खातो. खाडीच्या मुखाशी वाळू असेल तर आणखी लवकर.

एवढे करूनही थरथर राहिली तर पंखा उतरवावा. पाती मोजावीत, तोल पाहावा. बसवताना आधी चावी न घालता तो शाफ्टच्या निमुळत्या भागावर दाबून खूण करावी, मग चावी घालून बसवावा. खुणेपर्यंत पोचला नाही तर चावीच त्याला उचलून धरते आहे. चावीची उंची कानसीने थोडी कमी केली की काम होते.