घाट चढण्यापेक्षा उतरणे जड

गेल्या महिन्यात पोलादपूरकडच्या एक बाई दवाखान्यात आल्या. त्यांची स्वतःची काही तक्रार नव्हती. थोरला मुलगा महाबळेश्वरला एका हॉटेलात कामाला लागला होता, हप्त्यावर मोटारसायकल घेतली होती आणि रोज आंबेनळी घाटाने ये-जा करणार म्हणत होता. "डॉक्टर, लायसन हातात येऊन दोन महिने नाही झाले त्याला. आमचं ऐकत नाही, तुम्ही तरी चार शब्द सांगा." मी म्हटले, "वहिनी, रविवारी त्यालाच घेऊन या." तो आला. त्याला जे सांगितले तेच आज येथे देत आहे, कारण अशी नवी मोटारसायकल आणि नवे लायसन घेतलेली मुले आपल्याकडे घरोघरी आहेत.

पोलादपूर ते महाबळेश्वर हे अंतर सुमारे ४० किलोमीटर. पोलादपूर समुद्रसपाटीपासून फारसे उंच नाही आणि महाबळेश्वर साधारण १,३७० मीटर उंचीवर आहे. चढताना या उंचीशी इंजिन झगडते. उतरताना मात्र ती उंची आपल्याला कुठेतरी जिरवावी लागते. गाडी आणि दोन माणसे मिळून अडीचशे किलोच्या आसपास वजन होते. हे वजन एवढ्या उंचीवरून खाली आणताना जी उष्णता निर्माण होते, तिच्यात दहा लिटरची पाण्याची बादली उकळीला येईल. ही उष्णता वारा, इंजिन आणि ब्रेक यांच्यात वाटली जाते. आता पेट्रोल वाचवायचे म्हणून गाडी न्यूट्रल करून सोडली, तर इंजिनाचा वाटाही ब्रेकवर पडतो. ब्रेकचे लायनर तापतात आणि तापलेला ब्रेक नीट धरत नाही. पायाने दाबतो आहे पण गाडी थांबत नाही, असे सांगणारे रुग्ण मी पाहिले आहेत. त्यांनी वाचवलेले पेट्रोल दहा-वीस रुपयांचे असेल आणि प्लास्टरचा खर्च त्याच्या कितीतरी पट.

म्हणून जुने ड्रायव्हर सांगतात तेच खरे : ज्या गेअरमध्ये चढलात त्याच गेअरमध्ये उतरा. दुसऱ्या-तिसऱ्या गेअरमध्ये इंजिनच गाडीला मागे ओढून धरते. ब्रेक सतत दाबून न ठेवता वळणाच्या अलीकडे, गाडी सरळ असतानाच, दोन्ही ब्रेक मिळून वेग कमी करावा आणि मग सोडून द्यावा. पुढच्या ब्रेकला नवशिके फार भितात. कोरड्या सरळ रस्त्यावर गाडी थांबवण्याचे मोठे काम पुढचाच ब्रेक करतो. भीती बाळगायची ती वळणात, गाडी कललेली असताना आणि खाली खडी किंवा माती असताना तो एकदम दाबण्याची.

डोळे जातात तिकडे गाडी जाते

सायकल शिकताना खड्ड्याकडे पाहिले की सायकल नेमकी खड्ड्यातच जायची, हे आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. घाटातही तेच होते. घाबरलेला माणूस दरीकडे किंवा समोरच्या एस.टी.च्या चाकाकडे टक लावून पाहतो आणि त्याचे हात नकळत गाडी तिकडेच नेतात. नजर वळणाच्या पलीकडे, जिथे जायचे आहे त्या रस्त्यावर ठेवावी. दुसरी गोष्ट मुठींची. भीतीने मुठी आवळल्या की खांदे ताठरतात आणि हँडल जड वाटू लागते. दर दोन-चार वळणांनी खांदे सैल सोडावेत, श्वास मोकळा घ्यावा.

वेग जास्त झाला तर डाव्या वळणावर गाडी रस्त्याच्या मध्याकडे, समोरून येणाऱ्याच्या अंगावर ओढली जाते आणि उजव्या वळणावर डावीकडच्या कडेला. ताशी ४० किलोमीटर वेगाने आपण एका सेकंदात ११ मीटर पुढे जातो. मेंदूला धोका कळून हात-पाय हलायला साधारण तेवढाच वेळ लागतो, म्हणजे ब्रेक लागण्यापूर्वीच ११ मीटर संपलेले असतात. आंबेनळीतल्या कित्येक वळणांवर पुढचा रस्ता तेवढाही दिसत नाही. तिथे हॉर्न वाजवावा, आपली डावी बाजू सोडू नये, आणि मोठी गाडी वळण घेत असेल तर मागे थांबावे. तिला वळायला सारा रस्ता लागतो. रस्ता अरुंद असेल तर चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा नियमच आहे.

थंडी, झोप आणि सर्दीची गोळी

वर जाताना हवा दर हजार मीटरला सुमारे सहा अंशांनी थंड होते. खाली घामाने भिजलेला सदरा वर गेल्यावर वाऱ्याने गार पडतो. पावसाळ्यात तर विचारूच नका. बोटे गारठली की त्यांची पकड आणि चपळाई दोन्ही कमी होतात, आणि नेमकी तीच बोटे क्लच-ब्रेकवर असतात. हातमोजे ही चैन नाही. पावसाळी जाकीट नसेल तर निदान स्वेटरच्या आत छातीवर वर्तमानपत्राची घडी ठेवावी. (हे पान वाचून झाल्यावर!) बोटांना मुंग्या आल्या तर थांबून हात काखेत धरून ऊब आणावी आणि मगच पुढे निघावे.

या मुलाची पाळी रात्री अकराला सुटते, हे ऐकून मला खरी काळजी वाटली ती इथे. सलग १७ तास जागे राहिलेल्या माणसाची सावधता थोडी दारू प्यायलेल्या माणसाइतकीच खालावते, असे अभ्यासांत दिसले आहे. पहाटे सहाला उठलेल्या मुलाचे रात्री अकराला १७ तास भरतात आणि त्याचा घाट तिथून सुरू होतो. चहाने झोप थोडी लांबते, जात नाही. मी त्याला साफ सांगितले की, रात्रपाळीला वरच झोप आणि सकाळी उतर. मालकाला विचारायला तो लाजत होता. आईने विचारले, आणि कर्मचाऱ्यांच्या खोलीत त्याला जागा मिळाली.

सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांनी आणि गाडी लागू नये म्हणून घेतात त्या गोळ्यांनी झोप येते. अशी गोळी घेतली असेल तर त्या दिवशी घाट नको. इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशीपोटी निघू नये आणि खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवावे. दारूबद्दल वेगळे लिहायला नको.

शिरस्त्राण आय.एस.आय. मार्कचे असावे आणि त्याचा पट्टा हनुवटीखाली लावलेला असावा. पट्टा न लावलेले शिरस्त्राण माणूस पडण्याआधीच उडून जाते. जगभरातले अभ्यास एकत्र तपासले असता शिरस्त्राणामुळे डोक्याला इजा होण्याचा धोका ६९ टक्क्यांनी आणि मृत्यूचा ४२ टक्क्यांनी कमी होतो, असे आढळले आहे. मागे बसणाऱ्याचे डोकेही तितकेच नाजूक असते.

पावसाळ्यात दरडीच्या बातम्या पाहून निघावे. जुलै २०२१ च्या पावसात या घाटात दरडी कोसळून वाहतूक बंद पडली होती. वाहतूक बंद असल्याचा फलक बाजूला सारून जाणारे दुचाकीस्वारच जास्त असतात.

कुणी पडलेला दिसला तर

आधी आपली गाडी वळणापासून दूर, कडेला लावावी आणि दोन्ही बाजूंना एकेक माणूस उभा करून येणाऱ्यांना थांबवावे. मग १०८ ला फोन करावा. घाटात फोनला सगळीकडे रेंज मिळत नाही. म्हणून जाताना किलोमीटरच्या दगडावरचा आकडा पाहत जावे, म्हणजे रेंज असलेल्या जागी पोहोचल्यावर ठिकाण सांगता येते.

जखमीला ओढून बसवू नये, पाणी किंवा चहा पाजू नये. मानेला मार असू शकतो. श्वास नीट चालू असेल तर शिरस्त्राण काढण्याची घाई करू नये. श्वास अडत असेल तरच दोघांनी मिळून काढावे, एकाने मान स्थिर धरून. रक्त वाहत असेल तर स्वच्छ फडक्याने घट्ट दाबून धरावे. हळद किंवा चहापूड भरू नये. उलटी होऊ लागली तर डोके, मान आणि धड एका रेषेत ठेवून कुशीवर वळवावे. दोघांच्या मध्ये जखमीला मोटारसायकलवर बसवून आणतात, ते तर कधीच करू नये. त्याने मणक्याचे जे नुकसान होते ते आम्हाला भरून काढता येत नाही. पोलिसांच्या कटकटीच्या भीतीने पुष्कळ लोक थांबत नाहीत. २०१९ च्या कायद्याने मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आहे आणि स्वतःचे नाव सांगण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही.

आणि पडून लगेच उठलेला माणूसही सुटला असे समजू नये. दोन वर्षांपूर्वी एक तरुण घसरून पडला, कपडे झटकले, टपरीवर चहा प्यायला आणि गाडी चालवत घरी गेला. जेवून झोपला. मध्यरात्री त्याला दोनदा उलटी झाली आणि तो बरळू लागला, तेव्हा वडिलांनी त्याला उचलून आणले. डोक्यात आत रक्त साचत होते. वेळेवर पुढे पाठवता आले म्हणून तो आज हिंडतो-फिरतो आहे. डोके आपटले असेल तर निदान चोवीस तास त्या माणसाला एकटे सोडू नये. डोकेदुखी वाढत जाणे, पुन्हापुन्हा उलटी, न उतरणारी गुंगी, बोलण्यात गोंधळ किंवा एका बाजूचा हात-पाय ढिला पडणे, यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट न पाहता इस्पितळ गाठावे.