काचपेटीचा तळ : रेती कोणती, माती कोणती?

मुंबईला सहलीला गेलेल्या शाळकरी मुलांच्या कितीतरी पिढ्यांनी तारापोरवाला मत्स्यालयातले मासे डोळे भरून पाहिले. मरीन ड्राइव्हवरचे हे मत्स्यालय १९५१ साली सुरू झाले. सहलीहून परतलेली मुले हमखास विचारतात, "गुरुजी, आपल्या वर्गातही मासे ठेवूया का?" जरूर ठेवावेत. नुसते मासे नव्हे, पाण्यात वाढणारी हिरवी झाडेही लावावीत. पण काचपेटी घेताना आपण काच पाहतो, मासे पाहतो, दिवा पाहतो. तळाशी काय घालायचे याचा विचार सगळ्यात शेवटी करतो. चुकते ते इथेच.

माझेच उदाहरण सांगतो. अंधेरीला राहायला आल्यावर मी घरी एक काचपेटी मांडली. वर्सोव्याचा किनारा जवळ, म्हणून तिथली दोन पिशव्या वाळू उचलून आणली. ती पाच वेळा धुतली. मीठ गेले, आता काळजी नाही, असे वाटले. हायड्रिला तेवढी तग धरून राहिली, पण दुकानातून आणलेल्या नाजूक रोपांची नवी पाने पिवळी पडू लागली. शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा. पाण्यात काय काय औषधे घातली, पैसे गेले, झाडे काही सावरली नाहीत. त्या दिवसांत श्रीरामपूरकडचे माझे मामा आले होते. जन्मभर ऊस केलेला माणूस. काचेला डोळे लावून ते म्हणाले, "अरे, तुझ्या झाडांवर केवडा पडलाय की!"

तुमच्यापैकी शेतकरी मंडळींना हा शब्द नवा नाही. चुनखडीच्या रानात उसाला, भुईमुगाला केवडा पडतो. जमिनीत लोह नसते असे नाही. पण चुन्यामुळे ते झाडाला घेता येत नाही. माझ्या पेटीत नेमके तेच झाले होते. किनाऱ्यावरच्या वाळूत शिंपल्यांचा चुरा असतो, आणि शिंपला म्हणजे चुनाच. मीठ धुतले की जाते, शिंपला जात नाही. तो हळूहळू विरघळतो आणि पाणी जड करतो. मुंबईच्या नळाला येणारे पाणी तानसा, वैतरणा, भातसा या तलावांचे, म्हणजे डोंगरात साठलेले पावसाचे. ते मुळात हलके असते. मीच ते तळातून जड करीत होतो. शिवाय किनाऱ्याची वाळू अशी उचलून नेणे कायद्यालाही धरून नाही, हेही मला नंतर उमगले.

तेव्हा पहिली गोष्ट ध्यानात धरा : काचपेटीचा तळ ही शोभा नव्हे, ते शेत आहे. तळाला तीन कामे असतात. मुळांना पकडायला जागा देणे, हे एक. झाडाचे अन्न धरून ठेवणे, हे दुसरे. तिसरे काम डोळ्यांना दिसत नाही. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो, तो माशांना विषासारखा. तळाच्या कणाकणावर बसलेले जिवाणू त्याचे आधी नायट्राइट व मग नायट्रेट करतात. आणि नायट्रेट हे झाडाचे खतच. तळ बिघडला की तिन्ही कामे अडतात.

आता रेती कशी निवडावी? दुकानातले गुलाबी-निळे रंगीत खडे मुलांना आवडतात, पण रंग सुटण्याची भीती असते, आणि नुसत्या खड्यांत झाडाला खायला काही नाही. बांधकामाची रेती स्वस्त पडते. मात्र ती खाडीची असेल तर तिच्यात मीठही असते आणि शिंपलेही. उपनगरांत सहज मिळते ती दगडाच्या खाणीची बारीक कच. अंधेरीचा गिलबर्ट हिल पाहिलात ना? लाव्हारस थंड होऊन उभे राहिलेले ते काळ्या दगडाचे खांब सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. महाराष्ट्राचा बहुतेक भाग अशाच काळ्या दगडाचा. हा दगड पाण्याशी फारशी खटपट करीत नाही, म्हणून आपल्याला सोयीचा. पण त्याच्या पोकळ्यांत कधी कधी चुन्याचे पांढरे स्फटिक असतात, आणि कचीच्या धारदार कडांनी तळ हुंगणाऱ्या माशांची तोंडे खरचटतात. असे मासे ठेवायचे असतील तर नदीची गोल, गुळगुळीत रेती बरी.

कोणतीही रेती असो, तिची परीक्षा घ्या. मूठभर रेती वाटीत घेऊन वर व्हिनेगर ओता. फसफसली, बुडबुडे आले, तर तिच्यात चुना आहे. ती ठेवा बाजूला. दुसरी परीक्षा कणांची. दोन ते तीन मिलिमीटरचा कण उत्तम, म्हणजे साधारण मोहरीपासून ज्वारीपर्यंत. कण याहून फार बारीक असले तर ते घट्ट बसतात, आत हवा खेळत नाही, मुळे कुजतात आणि सडक्या अंड्यांसारखा वास सुटतो. फार जाड असले तर खाद्य फटींत पडून सडते. घरातल्या दोन चाळण्यांनी हे काम भागते. चाळल्यावर घमेल्यात घेऊन पाणी नितळ निघेपर्यंत धुवा.

आता तुम्ही म्हणाल, नुसत्या रेतीत पीक कसे येणार? खरे आहे. हायड्रिलासारखी झाडे पाण्यातूनच बरेचसे अन्न घेतात, त्यांचे रेतीत भागते. पण मुळांनी खाणाऱ्या झाडांसाठी रेतीखाली मातीचा पातळ थर द्यावा. ही युक्ती जगभरचे हौशी लोक वापरतात. डायना वॉलस्टॅड या अमेरिकन बाईंनी १९९९ साली तिच्यावर एक सबंध पुस्तकच लिहिले.

माती कोणती घ्यावी? आपली काळी माती शेतात सोने, पण पेटीत ती फुगते, पाणी गढूळ करते, आणि तिच्यात चुनखडीचे खडे असू शकतात. शेणखत किंवा युरिया घातलेली माती तर मुळीच नको. पेटी अमोनियाने भरेल आणि मासे मरतील. पवईच्या तलावातला गाळही आणू नका, त्यात सांडपाण्याची घाण उतरलेली असते. विहार आणि तुळशी हे तलाव राष्ट्रीय उद्यानात येतात, तिथून काहीच उचलायचे नाही. चांगली ती बिनखताची तांबडी माती. कोकणात कोणी नातेवाईक असेल तर जांभ्याचा चुरा मागवा. जांभ्याला तांबडा रंग लोहामुळेच येतो. थराच्या आत हवा कमी पोचते, तिथे हे लोह मुळांना घेता येईल अशा रूपात येते. परदेशातले हौशी लोक जांभा पैसे मोजून विकत घेतात, आणि आपल्याकडे त्याच्या भिंती बांधतात!

माती चाळून, चार-पाच वेळा भिजवून उन्हात वाळवा. पेटीत तिचा थर दोन-अडीच सेंटिमीटर, वर रेतीचा थर तीन ते चार. मागे थोडा चढ, पुढे उतार. हिशेब सोपा आहे. ६० सेंटिमीटर लांब आणि ३० रुंद पेटीत ५ सेंटिमीटरचा थर म्हणजे ९ लिटर. नुसती रेती घेतली तर ती सुमारे १४ किलो भरेल. टेबल मजबूत हवे, हे यावरून कळेलच. पाणी ओतताना तळावर बशी ठेवा आणि धार बशीवर धरा, म्हणजे थर फिसकटत नाहीत. नळाचे पाणी आदल्या दिवशी बादलीत भरून ठेवावे. सुरुवातीलाच भरपूर झाडे लावा, अधूनमधून थोडे पाणी बदला, आणि मासे मात्र तीन-चार आठवड्यांनीच सोडा. तेवढ्यात जिवाणूंचे बस्तान बसते. मुलांना धीर धरवत नाही, पण घाई केली तर पहिले मासे हकनाक मरतात.

शिक्षक मंडळींना एक सुचवतो. पेटी घेण्याआधी काचेच्या दोन बरण्या घ्या. एकीत शिंपल्यांचा चुरा मिसळलेली रेती घाला, दुसरीत व्हिनेगरने न फसफसलेली, धुतलेली रेती. दोन्हींत एकच जातीचे रोप, तेच पाणी, तोच उजेड. महिनाभर दर सोमवारी मुलांना नव्या पानांचा रंग वहीत लिहायला सांगा. शेतकऱ्याच्या घरचे एखादे पोर पिवळे पान पाहून आपण होऊनच म्हणेल, "गुरुजी, केवडा!" मग फळ्यावर चुना आणि लोह यांची गोष्ट लिहा, ती त्यांना वेगळी शिकवावी लागणार नाही.