नव्या रेडिएटरची पहिली अंघोळ

पंजाबात मोहालीशेजारच्या खरडच्या हिवाळ्यात बादलीत सोडलेला विजेचा रॉड थोड्याच दिवसांत पांढरा पडतो. इथे पुष्कळ इमारतींना कूपनलिकेचं पाणी येतं. त्यात विरघळलेले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार पाणी तापलं की बाहेर पडतात आणि रॉडवर कवच धरतात. शिक्षणासाठी किंवा मोहालीच्या आयटी कंपन्यांतल्या नोकरीसाठी पुण्या-नागपुराहून इथे आलेली मुलं खोलीत गेमिंगचा संगणक जोडतात. त्यातल्या हौशी मंडळींची मजल पुढे ‘कस्टम लूप’पर्यंत जाते. त्यात पंप, टाकी, प्रोसेसरवरचा ब्लॉक आणि रेडिएटर नळ्यांनी जोडून पाणी फिरवतात. हा नुसता पोरखेळ नव्हे. पुण्याच्या आयसर या विज्ञानसंस्थेत 2019 साली बसवलेला ‘परम ब्रह्म’ महासंगणकही द्रवानेच थंड ठेवला जातो. पण डब्यातून काढलेला कोरा रेडिएटर धुवायचा म्हटलं की कानावर नाना सल्ले येतात, आणि त्यातले निम्मे चुकीचे असतात.

‘नवा आहे, धुवायचा कशाला?’

सगळ्या चुका इथूनच सुरू होतात. बरेचसे चांगले रेडिएटर चपट्या पितळी किंवा तांब्याच्या नळ्यांचे असतात. दोन नळ्यांच्या मधे तांब्याच्या पातळ पात्या असतात, दोन्ही टोकांना पितळी कप्पे असतात, आणि सगळं डाख देऊन जोडलेलं असतं. डाख धातूला धरावा म्हणून आधी फ्लक्स लावतात. आपल्याकडे कल्हईवाला तापलेल्या पातेल्यात कथील घासण्याआधी नवसागर टाकायचा, ते फ्लक्सचंच काम. पांढरा धूर उठायचा, पातेलं चांदीसारखं चमकायचं, तरी घरात आल्यावर ते धुतल्याशिवाय कुणी त्यात आमटी टाकत नसे. रेडिएटरच्या पोटात हाच नवसागराचा भाऊबंद उरलेला असतो. जोडीला डाखाचे मणी आणि आटे पाडताना निघालेला पितळेचा कीस. बाहेरून काळा रंग तुकतुकीत असतो, म्हणून कुणाला शंका येत नाही.

हा कचरा रेडिएटरमध्ये थांबला असता तर बिघडलं नसतं. तो पाण्याबरोबर निघतो आणि प्रोसेसरच्या ब्लॉकमध्ये जाऊन बसतो. तिथल्या तांब्याच्या खाचा मिलिमीटरच्या काही दशांशांएवढ्याच रुंद. लूपमधली सगळ्यात बारीक गाळणी नेमकी सगळ्यात तापणाऱ्या चिपवर असते! तिथं कीस अडकला की प्रवाह मंदावतो आणि तापमान हळूहळू चढतं. मालक मात्र थर्मल पेस्टला दोष देत बसतो. फ्लक्सचा उपद्रव वेगळाच. फ्लक्स पाण्यात विरघळून पाण्याची आम्लता बदलतं. दुधट रंगाच्या कूलंटमधले कण तरंगायचे सोडून तळाशी बसतात, त्यामागे बऱ्याचदा हेच कारण असतं.

‘आरओचं पाणी आहे ना, मग झालं’

पिण्यायोग्य पाणी आणि लूपयोग्य पाणी या दोन वेगळ्या गोष्टी. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे 500 मिलिग्रॅमपर्यंत विरघळलेले घटक चालतात, आणि दुसरा स्रोतच नसेल तर 2000 पर्यंत सूट आहे. म्हणजे अर्धा ग्रॅम क्षार असलेलं पाणीही पिण्यासाठी उत्तम. घरगुती आरओ यंत्रांत तर चवीसाठी थोडे क्षार मुद्दाम ठेवलेले असतात. तेव्हा लूपमध्ये ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) किंवा निःक्षारित पाणीच हवं. ते इन्व्हर्टर-बॅटरीच्या दुकानात कॅनने मिळतं. फक्त ‘बॅटरीचं पाणी’ एवढंच मागू नका. त्याच फळीवर बॅटरीचं ॲसिडही असतं आणि कॅन दिसायला सारखेच. लेबल वाचून घ्या.

म्हणून पहिली घुसळणही महागड्या पाण्यानेच करा असं मात्र मी म्हणणार नाही. सुरुवातीच्या दोन फेऱ्यांना नळाचं गरम पाणी चालतं. ते आत वाळू द्यायचं नाही आणि शेवटच्या फेऱ्या डिस्टिल्डच्याच करायच्या, एवढं पाळलं म्हणजे पुरे.

‘उकळत्या पाण्याने डाख वितळतो’

कथील-शिशाचा नेहमीचा डाख 183 अंशांना वितळतो, शिसेविरहित डाख बहुधा त्याहूनही वर. पाणी 100 च्या पुढे जात नाही. त्यामुळे भीती डाखाची नाही, आपल्या हाताची आहे. रेडिएटर अर्धा भरून दोन्ही तोंडं बुचांनी बंद केली की आतली हवा तापून फुगते. म्हणून पाणी हाताला चटका बसणार नाही इतपतच गरम घ्यावं, रबरी हातमोजे घालावेत आणि अधूनमधून बूच सैल करून हवा सोडावी. अर्धाच भरायचा, कारण काठोकाठ भरला तर पाणी आत आपटत नाही. दोन मिनिटं उभा-आडवा हलवायचा, उलटा करायचा, आणि पाणी पांढऱ्या मलमलीतून गाळायचं. पहिल्या फेरीत फडक्यावर काळसर ठिपके आणि चमकणारे कण दिसतात. ते पाहिलं की मग कुणाला धुण्याचं महत्त्व समजावून सांगावं लागत नाही. फडकं कोरं निघेपर्यंत फेऱ्या चालू ठेवायच्या. स्वयंपाकाचं पातेलं यासाठी वापरू नका. त्या पाण्यात शिसं असू शकतं, आणि त्याच कारणासाठी ते झाडांनाही घालू नये.

‘जितकं जहाल ॲसिड, तितकी सफाई’

चिंचेने तांब्याचा गडू लखलखतो, कारण वरचा काळा थर आम्लात विरघळतो. गडू जाड असतो, त्याला ते सोसतं. रेडिएटरच्या नळीची भिंत मात्र अगदी पातळ असते. संडास साफ करायच्या द्रवात बहुधा हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. ते पितळेतलं जस्त खातं आणि मागे राहिलेले क्लोराइड पुढे महिनोन् महिने धातू कुरतडत राहतात. ते वापरायचंच नाही. विरळ केलेलं पांढरं व्हिनेगर थोडा वेळ ठेवून भरपूर धुतलं तर सहसा नुकसान होत नाही, पण नव्या रेडिएटरला त्याची गरज क्वचितच पडते. फॉस्फोरिक आम्लाचे तयार संच परदेशातून येतात. ते रेडिएटरपुरतेच असतात. त्यांचा थेंबही निकेलचा मुलामा असलेल्या ब्लॉकमध्ये जाता कामा नये. हे सगळं तांब्या-पितळेच्या रेडिएटरबद्दल झालं. स्वस्त संचांत ॲल्युमिनियमचा येतो. तो तांब्याच्या ब्लॉकशी जोडला की पाण्यातून दोघांची बॅटरी तयार होते आणि ॲल्युमिनियम झिजत जातं. तो कितीही धुतला तरी ही खोड जात नाही.

‘पाणी स्वच्छ दिसतंय, म्हणजे झालं’

विरघळलेलं फ्लक्स डोळ्यांना दिसत नाही. विरघळलेले घटक मोजणारा, काही शे रुपयांचा टीडीएस मीटर घ्या. डिस्टिल्ड पाणी आधी मोजा, ते रेडिएटरमध्ये रात्रभर ठेवा आणि सकाळी पुन्हा मोजा. आकडा बराच वाढला असेल तर अजून काहीतरी सुटतंय. मग आणखी एक फेरी. शुद्ध पाणी वीज वाहत नाही म्हणून गळती झाली तरी चिंता नाही, या समजुतीचाही निकाल हाच मीटर लावतो. लूपमध्ये फिरताना पाणी धातूंचे आयन उचलतं आणि पाहता पाहता ते वीजवाहक होतं. म्हणून गळतीची चाचणी मदरबोर्डला वीज न देता, फक्त पंप चालवून आणि जोडांखाली टिश्यू ठेवूनच करावी.

रेडिएटर आतून खडखडीत वाळवायची मात्र गरज नाही. डिस्टिल्डचे चार थेंब राहिले तर राहू द्या. पुढे काही महिन्यांनी मऊ पारदर्शक नळ्यांत पांढुरका चिकट थर दिसला, तर लगेच रेडिएटरवर खापर फोडू नका. बऱ्याचदा ते नळीच्या प्लॅस्टिकमधून झिरपलेलं मऊपणा आणणारं द्रव्य असतं. तेव्हा नळी बदलायची आणि ब्लॉक उघडून टूथब्रशने साफ करायचा.