एकाच जाळ्यातील दोन जीव

चमच्यासारख्या चोचीचा तुतवार आणि वाकिटा यांची तुलना प्रथमदर्शनी विचित्र वाटेल. तुतवार हा चिखलात चालून भक्ष्य टिपणारा, चिमणीएवढा पक्षी. वाकिटा म्हणजे स्पॅनिश भाषेत ‘छोटी गाय’. व्हेलच्या गणातील हा जेमतेम दीड मीटर लांबीचा जीव जगात केवळ मेक्सिकोच्या कॅलिफोर्निया आखातात आढळतो. लिनियसने तुतवाराची शास्त्रीय नोंद १७५८ मध्ये केली. वाकिटाच्या नोंदीसाठी १९५८ साल उजाडावे लागले. आज मात्र दोघेही ‘अतिसंकटग्रस्त’ जातींच्या यादीत आहेत.

दोघांच्या ऱ्हासाचे एक कारण समान आहे, ते म्हणजे दुसऱ्यासाठी लावलेले जाळे. टोटोआबा माशाच्या हवेच्या पिशवीला, जिला आपले कोळीबांधव भोत म्हणतात, चीनमध्ये प्रचंड किंमत मिळते. त्या माशासाठी लावलेल्या जाळ्यात वाकिटा अडकते आणि श्वास घेण्यासाठी वर येता न आल्याने गुदमरून मरते. तुतवार रशियाच्या चुकोटका प्रदेशातून सुमारे ८,००० किलोमीटर उडत म्यानमार, बांगलादेशाच्या किनाऱ्यांवर हिवाळ्यासाठी येतो. तेथे खाण्यासाठी मोठे पक्षी धरणाऱ्यांच्या जाळ्यात तोही सापडे. शिवाय वाटेवरील विसाव्याच्या दलदली भराव घालून बुजवल्या गेल्या. दक्षिण कोरियातील सेमांगमचा ३३ किलोमीटरचा बांध २००६ मध्ये पूर्ण झाला, हे त्याचे ठळक उदाहरण.

उपायांत मात्र मोठा फरक आहे. तुतवाराची अंडी उबवून, पिल्ले वाढवून रानात सोडता येतात. चुकोटकात २०१२ पासून तसे प्रयत्न झाले. वाकिटाला बंदिस्त जागेत सांभाळण्याचा प्रयत्न २०१७ मध्ये झाला; त्यात एक मादी दगावली आणि तो थांबवावा लागला. तिच्यासाठी समुद्रातील जाळी काढणे हाच एक मार्ग उरतो. १९९७ मध्ये वाकिटा सहाशेच्या आसपास होत्या. २०२३ च्या पाहणीत दहा ते तेराच दिसल्याचा अंदाज निघाला.

येथे सर्वांत मोलाचा धडा म्यानमारचा आहे. मोत्तमा आखाताकाठच्या गरीब शिकाऱ्यांना उपजीविकेचे दुसरे साधन मिळाले, तेव्हा त्यांनी शिकार सोडण्याचे करार केले आणि शिकार बरीच घटली. मेक्सिकोत जाळ्यांवर बंदी आली, तरी चोरटी मासेमारी चालूच राहिली. जाळे धरणाऱ्या हाताला दुसरे काम आणि त्या मालाच्या व्यापाऱ्याला वेसण, या दोन्ही गोष्टी एकत्र झाल्याखेरीज कायदा कागदावरच राहतो.