तळ्यातील दगडावरचा तपकिरी थर: डायटमची नवी प्रजाती कशी ठरते आणि शेतीशी तिचा काय संबंध?

गावतळ्याच्या काठावरचा पाण्यातील दगड उचलला, की तो हाताला बुळबुळीत लागतो. त्यावरच्या हिरवट-तपकिरी थराला आपण सरसकट शेवाळ म्हणतो. हाच थर खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर त्यात होडीसारखे, काडीसारखे, चकतीसारखे नक्षीदार काचेचे डबे दिसतात. हे डायटम. एका दगडावर त्यांच्या अनेक प्रजाती एकत्र राहतात. त्यातील एखादी अशीही असू शकते, जिचे वर्णन आजवर कुणीच केलेले नाही.

‘तलावात डायटमची नवी प्रजाती आढळली’ अशी बातमी वाचून शेतकरी विचारतात, याचा आम्हाला काय उपयोग? नव्या प्रजातीमुळे एकरी उत्पादन वाढत नाही, हे आधीच सांगितलेले बरे. मात्र जमिनीसाठी जसे माती परीक्षण, तसे तळ्याच्या पाण्यासाठी डायटम. परीक्षणातील नावेच चुकली, तर अहवालही चुकतो. म्हणून हे काम समजून घेणे गरजेचे आहे.

डायटम म्हणजे काय?

डायटम हे एकपेशीय शैवाल आहे. त्याची पेशीभित्ती सिलिकाची असते. भाताच्या तुसात आणि उसाच्या पानात असते तीच ही सिलिका. भित्तीचे दोन भाग कुंकवाच्या करंड्याच्या बुडासारखे आणि झाकणासारखे एकमेकांवर बसतात. म्हणून मराठीत त्यांना करंडक वनस्पती असेही म्हणतात. बहुतेक डायटम काही मायक्रॉन ते काहीशे मायक्रॉन लांबीचे असतात (१ मिलिमीटर म्हणजे १००० मायक्रॉन). पृथ्वीवरील एकूण प्रकाशसंश्लेषणापैकी सुमारे एक पंचमांश डायटम करतात. मत्स्यतळ्यात पाण्याला येणारा तपकिरी रंग अनेकदा त्यांचाच असतो. माशांची पिल्ले, गोगलगायी आणि पाण्यातील किडे यांचे ते नैसर्गिक खाद्य आहे.

प्रत्येक प्रजातीला ठराविक सामू, क्षार आणि अन्नद्रव्ये मानवतात. काही प्रजाती फक्त स्वच्छ, कमी अन्नद्रव्यांच्या पाण्यात टिकतात, तर काही सांडपाण्यातही वाढतात. बाटलीत भरलेला पाण्याचा नमुना त्या क्षणाची स्थिती सांगतो. दगडावरचे डायटम मागील काही आठवड्यांची स्थिती सांगतात. म्हणूनच अनेक देशांत नद्या व तलावांची गुणवत्ता तपासण्यासाठी डायटमची मोजणी करतात.

नवी प्रजाती ठरविण्याचे टप्पे

१. नमुना घेणे: पाण्यातील पाच ते दहा दगड किंवा वनस्पतींचे देठ ब्रशने खरवडून थर गोळा केला जातो. त्याच ठिकाणी पाण्याचा सामू, विद्युतवाहकता, तापमान, तारीख आणि अक्षांश-रेखांश नोंदवतात. ही नोंद नसेल, तर नमुन्याची निम्मी किंमत जाते.

२. सफाई: प्रयोगशाळेत हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा नायट्रिक आम्लाने नमुन्यातील सेंद्रिय भाग काढून टाकतात. सिलिकाचा सांगाडा शिल्लक राहतो, त्यामुळे त्यावरील नक्षी स्पष्ट दिसते.

३. मोजमाप: हजारपट मोठे करून पाहताना लांबी, रुंदी आणि १० मायक्रॉन अंतरात बसणाऱ्या रेषा मोजतात. यासाठी एक पेशी पुरत नाही. डायटमची पेशी विभागली, की प्रत्येक नव्या पेशीला जुन्या करंड्याचा एक भाग मिळतो आणि त्यात बसणारा आतला भाग नव्याने तयार होतो. ज्या पेशीला जुने बूड मिळते, ती थोडी लहान होते. पिढ्यान्‌पिढ्या आकार घटत जातो आणि लैंगिक प्रजननानंतर पुन्हा मोठा होतो. त्यामुळे एकाच प्रजातीची लहान व मोठी पेशी वेगळ्या प्रजाती वाटू शकतात. लहानापासून मोठ्यापर्यंत बऱ्याच पेशी मोजल्यावरच खरी हद्द कळते.

४. बारीक रचना: छिद्रांची मांडणी, काटे, टोकांची घडण या बाबी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात.

५. तुलना: पिकाचे नवे वाण प्रसारित करण्यापूर्वी तुल्य वाणाशी तुलना करतात, तशीच ही पायरी आहे. मिळत्याजुळत्या सर्व ज्ञात प्रजातींची वर्णने, चित्रे आणि शक्य असेल तेथे मूळ नमुने तपासले जातात. फरक कायम राहणारा आहे, पाण्यामुळे किंवा आकार घटल्यामुळे आलेला नाही, हे दाखवावे लागते.

६. नाव आणि प्रमाण नमुना: नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार ज्या नमुन्यावरून नाव दिले, तो प्रमाण नमुना संग्रहालयात जमा करावा लागतो. तो कुठे ठेवला आहे, हेही प्रसिद्ध करावे लागते. आज हयात असलेल्या शैवालाच्या नव्या प्रजातीसाठी चित्र देणे १ जानेवारी १९५८ पासून सक्तीचे आहे. वर्णन २०११ अखेरपर्यंत लॅटिनमध्येच लागत असे. २०१२ पासून इंग्रजीही चालते.

एकाच सरोवरात घडलेली प्रजाती

अमेरिकेतील वायोमिंग राज्यातल्या यलोस्टोन सरोवरात स्टेफॅनोडिस्कस यलोस्टोनेन्सिस नावाचा चकतीसारखा डायटम आहे. एडवर्ड थेरियट आणि यूजीन स्टोर्मर यांनी १९८० च्या दशकात त्याचे वर्णन केले. तो दिसायला उत्तर अमेरिकेत आढळणाऱ्या स्टेफॅनोडिस्कस नायगरे या प्रजातीच्या अगदी जवळचा आहे. कडेचे काटे आणि चकतीवरच्या बरगड्या मोजल्यावर फरक कळतो.

ही प्रजाती आली कुठून, याचे उत्तर सरोवराच्या तळच्या गाळात मिळाले. डायटम मेले तरी त्यांचे करंडे गाळात थरावर थर साचत राहतात. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे १४ हजार वर्षांचा गाळ थरानुसार तपासण्यात आला. हिमयुगाचा बर्फ ओसरल्यानंतर सरोवर आणि भोवतालची झाडी बदलत असताना या डायटमचे काटे व बरगड्याही बदलत गेल्या. सुमारे १० हजार वर्षांपूर्वी त्याला आजचे रूप आले. तो याच सरोवराचा आहे. तेथील पाणी बिघडले, तर त्याला दुसरीकडून आणता येणार नाही.

कोल्हापूरचा धडा

अशा कामाची मोठी परंपरा आपल्याकडेही आहे. एच. पी. गांधी यांनी १९५० व ६० च्या दशकांत कोल्हापूर परिसर, पन्हाळगड, राधानगरी येथील गोड्या पाण्यातील डायटम साध्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहून रेखाटले आणि अनेक नव्या प्रजातींची नोंद केली. पुढे २०१२ मध्ये कार्तिक बालसुब्रमण्यन आणि पॅट्रिक कोसिओलेक यांनी गांधींनी कोल्हापूरहून नोंदवलेल्या गोम्फोनेमा गटातील प्रजातींचा पुन्हा अभ्यास केला. प्रमाण नमुने निश्चित करून कोणते नाव नेमके कोणत्या डायटमचे, हे स्पष्ट करण्यात आले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत आजही डायटमवर काम चालते.

हे नावांचे काम इतके किचकट का करावे? भारतातील डायटम अनेक वर्षे युरोपातील पुस्तकांवरून ओळखले गेले. सह्याद्रीतील स्वच्छ झऱ्याचा डायटम, दिसायला सारखा म्हणून युरोपातील प्रदूषित पाण्यात वाढणाऱ्या प्रजातीच्या नावाने नोंदवला गेला, तर स्वच्छ पाणीही कागदावर खराब ठरते. उलट चूक झाली, तर खराब पाणी चांगले ठरते. दुसरी चूक जास्त महागात पडते, कारण मग कुणी उपाय करत नाही. शिवाय कमी अन्नद्रव्यांच्या पाण्यातील प्रजाती पाणी बदलताच आधी जातात. नोंद होण्यापूर्वी गेल्या, तर तळे पूर्वी कसे होते, याचा पुरावाही जातो.

शेतातील स्फुरद, तळ्यातील सिलिका

यूजीन स्टोर्मर यांचेच आणखी एक काम शेतीच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. १९७१ मध्ये क्लेअर शेल्स्के आणि स्टोर्मर यांनी मिशिगन सरोवराबाबत दाखवून दिले, की पाण्यात स्फुरद वाढला, की डायटम जोमाने वाढतात, पाण्यातील सिलिका वापरतात आणि मेल्यावर ती घेऊन तळाशी बसतात. खडकांची झीज होऊन नवी सिलिका सावकाश येते. ती संपली, की डायटम मागे पडतात आणि सिलिकाची गरज नसलेले निळे-हिरवे शेवाळ पुढे सरसावते.

येथे गैरसमज नको. भातखाचरात नत्र स्थिर करणारे निळे-हिरवे शेवाळ उपयुक्तच आहे. तळ्यावर हिरव्या रंगासारखा तवंग आणणारे मायक्रोसिस्टिससारखे प्रकार वेगळे. त्यातील काही विष तयार करतात. असे पाणी प्यायल्याने जनावरे दगावू शकतात.

हा बदल घडायला स्फुरद किती लागतो? वार्षिक सरासरी एकूण स्फुरद लिटरला ३५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त झाला, की तलाव अतिपोषित गणला जातो. पाच किलो डीएपीमध्ये मूलद्रव्य रूपात सुमारे एक किलो स्फुरद असतो. तेवढा सगळा पाण्यात उतरला, तर सुमारे २ कोटी ८६ लाख लिटर पाणी या मर्यादेपर्यंत पोहोचते. ३० × ३० × ३ मीटरच्या शेततळ्यात १:१ उतार धरून सुमारे २२ लाख लिटर पाणी मावते. म्हणजे हे १३ शेततळ्यांचे पाणी झाले. प्रत्यक्षात बहुतेक स्फुरद मातीच्या कणांना चिकटून राहतो. पण बांध फुटून माती वाहिली, की तिच्याबरोबर तोही तळ्यात जातो.

काय करावे?

- स्फुरदयुक्त खताची मात्रा माती परीक्षणानुसारच द्यावी. जमिनीत स्फुरद भरपूर असल्यास नेहमीची गोणी टाकू नये.
- खत पेरून, मातीआड द्यावे. मोठ्या पावसाच्या तोंडावर फेकून देऊ नये.
- तलाव व ओढ्याच्या काठी गवताचा पट्टा कायम ठेवावा. उताराला आडवी पेरणी करावी आणि बांधबंदिस्ती सांभाळावी.
- फवारणी पंप, खताच्या गोण्या तळ्यात धुऊ नयेत. शेणाचे उकिरडे काठापासून दूर ठेवावेत.
- पाण्यावर रंगासारखा हिरवा तवंग दिसल्यास जनावरांना ते पाणी पाजू नये. पशुवैद्यकांना कळवावे.
- मत्स्यतळ्याचा हिशेब वेगळा आहे. तेथे नैसर्गिक खाद्यासाठी मोजून खत देतात. ते पाणी ओढ्यात किंवा गावतळ्यात सोडू नये.

विस्तार कर्मचाऱ्यांसाठी

जवळच्या महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्र विभागाशी बोलून गावतळ्याचे नमुने वर्षातून ठराविक वेळी घेता येतील. प्रत्येक तळ्यासाठी नवा टूथब्रश वापरावा, नाहीतर एका तळ्याचे डायटम दुसऱ्या नमुन्यात मिसळतात. पूर आल्यावर दगडांवरचा थर पुन्हा जमेपर्यंत काही आठवडे थांबावे. नमुन्यात अल्कोहोल घालावे. चिठ्ठी पेन्सिलने लिहावी, कारण पेनची शाई पुसली जाते. तळ्याचे नाव, तारीख, सामू आणि काठावरची पिके जरूर नोंदवावीत. आम्लाची सफाई प्रयोगशाळेवर सोडावी.

अशा बाटलीत नवी प्रजाती निघेलच असे नाही. पण तळ्याचे आजचे पाणी कसे आहे, याची नोंद त्यात नक्की राहील. पाच वर्षांनी तवंग आला, तर तुलना करायला ती कामी येईल.