डिप्रेशनसाठी मदत हवी आहे, पण घरी कळण्याची भीती वाटते? आधी हे वाचा

परीक्षा, नोकरीचा शोध किंवा ब्रेकअपनंतर येणारा ताण बऱ्याचदा काही दिवसांत ओसरतो. पण उदासी, कशातच मन न लागणं, झोप आणि भूक बिघडणं हे जवळपास रोज, दोन आठवडे सुरू राहिलं तर ते डिप्रेशन असू शकतं.

कोणाकडे जायचं?
मानसोपचारतज्ज्ञ हे डॉक्टर असतात. गरज असेल तरच ते औषधं देतात. परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, त्यामुळे औषधं मध्येच बंद करू नयेत. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषधं देत नाहीत, थेरपी देतात.

घरी कळेल का?
२०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार उपचारांची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क रुग्णाला आहे. जिवाला धोका असेल तर मात्र अपवाद होऊ शकतो.

पैसे नसतील तर?
सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात कमी खर्चात उपचार मिळतात. केंद्र सरकारची ‘टेली मानस’ हेल्पलाइन १४४१६ मोफत आणि २४ तास सुरू असते. तिथे मराठीतही बोलता येतं.

जीव नकोसा वाटत असेल, तर अपॉइंटमेंटची वाट पाहू नका. आत्ताच फोन करा आणि जवळच्या कुणाला तरी सोबत थांबायला सांगा.