घोड्याच्या पायात ‘हाय हील्स’!

बर्फात घोडा! फोटोत काय झक्कास दिसतो ना? स्वित्झर्लंडमधल्या सेंट मॉरित्झला तर गोठलेल्या तळ्यावर चक्क घोड्यांच्या शर्यती होतात, त्याही १९०७ पासून! फेब्रुवारीतले रविवार, फरकोट, शॅम्पेन... फुल्ल ग्लॅमर! पण या ग्लॅमरचा सगळा भार असतो चार खुरांवर. आणि खुरांचं आणि बर्फाचं काही फारसं पटत नाही.

होतं काय, की खुराचा तळ असतो वाटीसारखा खोलगट. नाल ठोकली की वाटी आणखी खोल होते. पावलागणिक बर्फ आत दाबला जातो, खुराच्या उबेने किंचित वितळतो आणि थंडगार लोखंडाला लागून पुन्हा गोठतो. बघता बघता तळाशी टणक गोळा तयार! म्हणजे घोडा हाय हील्सवर. त्याही गोल टाचांच्या, आणि पाठीवर तुम्ही! पाय मुरगळणं, तळव्याला मुका मार, नाहीतर दोघंही आडवे. गंमत म्हणजे कडाक्याच्या थंडीतला कोरडा, भुरभुरीत बर्फ तितका चिकटत नाही. खरा व्हिलन शून्य अंशाच्या आसपासचा ओला बर्फ.

मग उपाय काय?

रबरी पॅड : नाल आणि खूर यांच्या मध्ये बसवतात. मधला फुगवटा प्रत्येक पावलाला दबतो, उसळतो आणि बर्फ बाहेर फेकतो. एकदम सही आयडिया!

खिळे : नालेला लावलेल्या टोकदार खिळ्यांमुळे पकड मिळते. पण गोळा व्हायचा तो होतोच. त्यामुळे पॅडला पर्याय नाही.

वॅसलीन : तळाला चोपडलं की बर्फ चटकन चिकटत नाही. मात्र हा जुगाड थोड्याच वेळापुरता.

अनवाणी : नाल काढलेल्या खुरात गोळे कमी होतात. पण निव्वळ बर्फाच्या काचेवर तेही घसरतात.

आणि हे सगळं असलं तरी खूर साफ करायचा आकडा खिशात हवाच. थांबायचं, पाय उचलायचा, गोळा खरवडून काढायचा.

यंदा हिवाळ्यात काश्मीरला जाताय? बर्फात घोड्यावर बसायचा मूड झाला, तर भावात घासाघीस करण्याआधी एक काम करा. घोडेवाल्या भाईंना खूर दाखवायला सांगा. आत गोळा दिसला, तर तो निघेपर्यंत थांबा. पाच मिनिटं जातील, जाऊ देत. घोडा तोंडाने सांगू शकत नाही. तो फक्त पडू शकतो.